पानीवाले निमगडे भाऊ

निमगडे भाऊंच्या मुलीचं लग्न होतं. मांडव झाडायला दोघी जणी झाडू घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्या पुढे वधूपिता स्वतः झारीनं जमिनीवर पाणी शिंपडत चालले होते. अंगात कोरा सफारी, खांद्यावर ओला दुपट्टा. नवरदेवाकडची माणसं दारात येऊन थांबली होती. कोणीतरी ओरडलं, "भाऊ, पाहुने आले ना!" हे मान वर न करता म्हणाले, "येऊ द्या. पहिले पानी, मंग झाडू, मंग पाहुने." मुलगी आत डोक्याला हात लावून बसली होती. आम्ही मिलमधली मंडळी खुशाल हसत होतो, कारण आमच्यासाठी हे रोजचंच होतं.

चंद्रपूर जिल्ह्यात मूल गावावरून सिंदेवाहीकडे जाताना रस्त्याच्या कडेला ती तांदळाची मिल लागते. उसना तांदूळ करायचा तर धान उकडावं लागतं, धान उकडायला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो आणि बॉयलरला निमगडे भाऊ लागायचे. श्रावण निमगडे हे त्यांचं पूर्ण नाव. हुद्दा बॉयलर-इन-चार्ज. मी तिथे ऑफिसात बिलं आणि गाड्यांचं काम बघायचे. ऑफिस आणि बॉयलर यांच्यामध्ये सगळं अंगण होतं, तरी भाऊंचा प्रत्येक शब्द मला टेबलावर बसून ऐकू यायचा. आयुष्य बॉयलरच्या धडधडीशेजारी गेल्यामुळे त्यांना हळू बोलताच येत नसे. एकदा आमच्याकडच्या एका ड्रायव्हरचे वडील गेले तेव्हा भाऊ सांत्वनाला गेले आणि इतक्या जोरात "लय वाईट झालं!" म्हणाले, की शेजारची माणसं भांडण झालं समजून धावत आली.

ठेंगणा बांधा, भट्टीसमोर रापलेला चेहरा, आणि डोळे मात्र लहान मुलासारखे सतत काहीतरी शोधणारे. त्यांची सगळ्यात मोठी दुश्मनी सुक्या धुळीशी. कोणी कोरडा झाडू उचलला की हे कुठून तरी झारी घेऊन उगवणारच. ऑफिसमधला पंखा पुसायचा असला तरी फडकं आधी ओलं. माझी फायलींची रॅक झटकायला मी कापड घेतलं आणि खिडकीतून आवाज आला, "बाई! झटकू नका, पुसा!" मला राग यायचा. फायली भिजल्या की बोलणी मी खाणार, आणि हे बाहेर उभे राहून समाधानानं मान डोलावणार. गावात त्यांना पानीवाले भाऊ म्हणत. त्यांना ते नाव आवडायचं.

आता हा एवढा सावध माणूस दिवसभर खर्रा चघळायचा. आमच्या भागात खर्रा म्हणजे काय, हे सांगायला नको. प्लास्टिकच्या तुकड्यात सुपारी, तंबाखू, चुना घालून घोटत बसलेली माणसं प्रत्येक पानठेल्यावर दिसतात. मी एकदा त्यांना टोकलंच. म्हटलं, "भाऊ, दुनियेच्या धुळीची काळजी करता, आणि या खर्र्यात काय असतं ते माहीत आहे ना?"

"माहीत आहे ना," भाऊ गालात खर्रा सरकवून म्हणाले. "माहीत आहे म्हणून तं खातो. ज्याचं माहीत नाई त्याले भ्याचं."

हे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान. "माहीत नाई म्हंजे आहे, असंच समजाचं," हे वाक्य ते दिवसातून कितीदा म्हणत असतील, कोण जाणे. मिलमध्ये कामाला येणाऱ्या बायका नाल्यापलीकडच्या वस्तीतून पायवाटेनं यायच्या. वाटेत दाट झुडपं, आणि वाघाचा वावर तर आमच्याकडे बाराही महिने. नवी बाई कामाला लागली की भाऊ तिला बॉयलरच्या दाराशी उभी करून विचारायचे, "येतानी रस्त्यात वाघ दिसला का?"

"नाई दिसला भाऊ."

"मंग झुडपात हात घालून सरपन ओढलं का?"

"कायले घालू? आत बसला असन तं?"

"हाव ना! दिसला नाई तरी आहे समजून चालली ना? इथीबी तसंच. जुना पत्रा, जुनी दोरी, पांढरं-भुरं भुसभुशीत काई दिसलं, का आहे समजाचं. हात नाई लावाचा, फोडाचं नाई, झाडाचं नाई. मले आवाज द्याचा."

बायकांना हे चटकन पटायचं, कारण वाघाचं त्यांना कोणी शिकवायला नको होतं. भाऊ कशाबद्दल बोलत होते, तेही इथेच सांगून टाकते. अ‍ॅस्बेस्टॉस. जुन्या काळी बॉयलर आणि वाफेच्या पाइपांवर उष्णता धरून ठेवायला जे जाड आवरण थापायचे, त्यात ते असायचं. आगीला न जुमानणारा दगडाचा तंतू. ते तुटलं, कुटलं, झाडलं की डोळ्यांना न दिसणारी धूळ उडते, ती श्वासाबरोबर आत जाते आणि आतच राहते. त्रास व्हायचाच असला तर तो वर्षानुवर्षांनी होतो, तेव्हा माणसाला धूळ कधी उडाली होती तेही आठवत नाही.

भाऊंना हे पुस्तकातून कळलेलं नव्हतं. त्यांचे वडील दूर परमुलखातल्या एका कारखान्यात पाइपांना ते आवरण चढवायचं काम करायचे. "बा म्हने, मी पाइपाले गोधडी शिवतो," असं भाऊ सांगायचे. वडील घरी आले की कपडे पांढरेफटक. आई ते कपडे अंगणात दोन्ही हातांनी फडाफडा झटकायची आणि मग धुवायला घ्यायची. वडील म्हातारे होऊन दुसऱ्याच आजारानं गेले. दम आईला लागला. कारखान्याच्या फाटकात जिनं कधी पाऊल ठेवलं नव्हतं, तिला. शेवटी शेवटी तिला खाटेवरून उठून बसायलाही श्वास पुरत नसे. डॉक्टरांनी विचारलं, ही कुठे कामाला होती? भाऊ म्हणाले, कुठेच नाही, घरीच. डॉक्टरांनी मग वडिलांचं काम विचारलं.

म्हणून भाऊ ड्यूटीचे कपडे घरात नेत नसत. मागच्या अंगणात पत्र्याचा आडोसा केला होता. तिथेच कपडे उतरवायचे, बादलीत बुडवायचे, स्वतः पिळायचे, अंगावर पाणी घ्यायचं आणि मगच घरात. त्यांच्या बायको मायाबाई हसून सांगायच्या, "लग्न झाल्यापासून यांचा ड्यूटीचा शर्ट मी धुतला नाई. शेजारनी म्हनतात, नशीब काढलं बाईनं." वस्तीतल्या पुरुषांनी भाऊंची त्यावरून बरीच थट्टा केली. भाऊ थट्टेला उत्तर देत नसत, फक्त जोरात हसत, आणि त्यांचं हसणंही बोलण्यासारखंच चार घरं ओलांडून जायचं.

ऑफिसच्या छताची गोष्ट सांगितलीच पाहिजे. आमच्याकडचा मे महिना ज्यानं काढला आहे, त्यालाच त्या गोष्टीचं दुःख कळेल. आमचे मालक अण्णासेठ यांनी मोठ्या मनानं ऑफिसात एसी बसवायचं ठरवलं. माणूस ड्रिल मशीन घेऊन आला, शिडी लागली, मी मनातल्या मनात गार हवा खायला लागले होते. तेवढ्यात भाऊ आत आले, छताच्या जुन्या पांढऱ्या पाट्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "थांब. हे कायचं आहे?"

"पीओपी असन, नाई तं पुठ्ठा," मिस्त्री म्हणाला.

"असन म्हंजे माहीत नाई. माहीत नाई म्हंजे आहे. उतर खाली."

शिडी निघाली, मिस्त्री गेला. एका पाटीचा कोपरा आधीच तुटलेला होता. भाऊंनी तोंडाला चांगला मास्क लावून तो कोपरा पाण्यानं भिजवला, छोटासा तुकडा पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घालून नागपूरच्या प्रयोगशाळेकडे पाठवला, आणि अहवाल येईपर्यंत छताला कोणी बोट लावायचं नाही असं जाहीर केलं. त्या उन्हाळ्यात मी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बिलं काढली. भाऊंना मी मनातून ज्या शिव्या दिल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. शेवटी अहवाल आला. छतात अ‍ॅस्बेस्टॉस नव्हतं. साधा लाकडाचा भुसा आणि सिमेंट.

सगळी मिल खो खो हसली. आमचे दिवाणजी, आडनाव बोबडे, मालकांच्या वडिलांच्या काळापासूनचे, ते तर टेबलावर थाप मारून म्हणाले, "काय भाऊ, झुडपात ससा निघाला!" आणि भाऊ? भाऊ मूलला जाऊन पेढे घेऊन आले. प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवत, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणत होते, "नाई निघालं! नाई निघालं!" चुकीचे ठरल्याबद्दल पेढे वाटणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. नंतरही पाहिला नाही. माझा राग त्या पेढ्याबरोबर विरघळला, हे मी कबूल करते. पण दिवाणजींनी ती ससा निघाल्याची गोष्ट पुढे कितीतरी दिवस चघळली, आणि त्यानंतर भाऊ काही म्हणाले की लोक आधी हसायचे.

मिलच्या मागच्या बाजूला एक शेड होती. त्यात एक जुना बॉयलर बंद पडून उभा होता. मालकांच्या वडिलांनी कुठल्याशा मोडीत निघालेल्या मिलमधून तो आणला होता आणि त्याच्यावर ही मिल उभी राहिली होती. सगळे त्याला 'म्हातारा' म्हणायचे. भाऊ चालवायचे तो बॉयलर नवा, त्याची कागदपत्रं स्वच्छ. म्हाताऱ्याच्या अंगावरचं पांढरं आवरण मात्र जागोजागी सुटून लोंबत होतं. भाऊंनी मालकांच्या मागे लागून बघितलं, याची तपासणी करा. मालक म्हणायचे, "निमगडे, तो बंद आहे, कुलूप आहे, तिथी जाते कोन?" तेव्हा भाऊंनी शेडच्या दारावर लाल रंगाची मोठी फुली काढली, खाली 'आत जाऊ नये' लिहिलं आणि कुलूप ओढून बघून घेतलं. किल्ली दिवाणजींकडे असायची.

भाऊंना एक गोष्ट माहीत नव्हती. म्हाताऱ्याचं कुलूप वर्षातून एकदा उघडायचं. खंडेनवमीला.

खंडेनवमीला मिलमधल्या सगळ्या यंत्रांची पूजा होते. आणि पहिला मान म्हाताऱ्याचा, कारण त्याच्यामुळे सगळं. त्या दिवशी मालकांचं सगळं कुटुंब अनवाणी येतं, शेड झाडून लख्ख होते, बॉयलरसमोर रांगोळी निघते, नारळ फुटतो. दुसऱ्या दिवशी दसरा, आणि दसऱ्याला भाऊ आणि मायाबाई दीक्षाभूमीवर नागपूरला. दरवर्षी खंडेनवमीच्या पहाटेच ते गाडी पकडायचे. त्यामुळे मिलमधली पूजा भाऊंनी कधी बघितलीच नव्हती, आणि आपण त्यांना सांगावं असं कोणाला कधी वाटलं नव्हतं.

त्या वर्षी मायाबाईंच्या बहिणीची जीप दुपारी निघणार होती. भाऊ पांढराशुभ्र शर्ट-पँट घालून, तेल लावून, भांग पाडून मिलवर आले. जाता जाता एकदा बॉयलर बघून जाऊ म्हणून. मागच्या अंगणात गर्दी दिसली म्हणून तिकडे वळले. मी पूजेची फुलं घेऊन त्यांच्या मागेच होते.

शेडचं दार सताड उघडं. आतून झाडूचा आवाज. उन्हाच्या पट्ट्यात धूळ तरंगत होती. आणि म्हाताऱ्यासमोर जमीनभर रांगोळी. कमळं, मोर, वेली, मधोमध धानाची लोंबी. ती काढत होती सुमनबाई मडावी. धान उकडण्याच्या टाकीवर काम करायची. बोटांत अशी कला, की तालुक्याच्या स्पर्धेतही असली रांगोळी दिसली नसती. मालकीणबाई कौतुकानं बघत होत्या, त्यांचा नातू रांगोळीच्या कडेला उकिडवा बसला होता.

"कोनी हलू नका!" भाऊ ओरडले. नेहमीचंच ओरडणं, पण या वेळी कोणी हसलं नाही. "झाडू खाली ठेवा. हळू. सुमनबाई, रांगोळी कोठून आनली?"

सुमनबाईंनी अभिमानानं वर पाहिलं. "इथलीच आहे भाऊ. म्हाताऱ्याच्या अंगची. गळून पडते ना, ते ढेकळं कुटून पदरातून गाळून घेतो. लय पांढरी निंघते. दरसाली मीच करतो. त्याच्या अंगचं त्यालेच."

भाऊंच्या चेहऱ्याकडे मला बघवलं नाही. त्यांनी एकेकाला नावानं हाक मारून बाहेर काढलं. पाय न घासता, कपडे न झटकता. नळापाशी उभं करून हातपाय-तोंड धुवायला लावलं, कपडे ओल्या फडक्यानं पुसायला लावले. स्वतः कपाटातला मास्क काढून आणला, बारदानं हौदात भिजवली, आणि त्या पांढऱ्या कपड्यांतच आत जाऊन एकेक ओलं बारदान रांगोळीवर अलगद पसरत गेले. मोर झाकला, कमळं झाकली. सुमनबाई नळापाशी उभ्या राहून रडायला लागल्या. सकाळपासूनची मेहनत होती.

तेवढ्यात दिवाणजी पुढे झाले. "निमगडे, तुमाले पूजा पटत नसन तं नका येऊ. आमची काऊन मोडता? ऐन खंडेनवमीले? तेव्हाबी ससाच निंघाला होता."

त्या वाक्यात जे होतं ते सगळ्यांना ऐकू आलं होतं. मी भाऊंकडे बघत होते. ते दारातून बाहेर आले, मास्क काढला, शर्टावर पाणी आणि चिखल.

"पूजा मोडत नाई दिवाणजी. जागा बदलवून राह्यलो," ते म्हणाले. मग सुमनबाईंकडे वळले. "बाई, तांदळाची मिल आहे ना आपली? रांगोळीले तांदळाचं पीठ नाई भेटत काय? काढा बाहेर अंगनात. म्हाताऱ्याले दिसन अशी काढा."

दार बंद झालं, किल्ली भाऊंनी स्वतःच्या खिशात टाकली. सुमनबाईंनी नाक पुसलं आणि बंद दारासमोर पिठाची रांगोळी घातली. पहिलीच्या अर्धीसुद्धा नव्हती. पूजा झाली, नारळ फुटला. फाटकाशी जीप हॉर्न देत होती आणि मायाबाई दोन पिशव्या घेऊन धानाच्या पोत्यावर बसल्या होत्या. भाऊ त्यांच्याजवळ जाऊन काहीतरी बोलले. पहिल्यांदाच मला त्यांचं बोलणं ऐकू आलं नाही. मायाबाईंनी एक पिशवी त्यांच्या हातात दिली, दुसरी घेतली आणि बहिणीबरोबर निघून गेल्या. शेडची किल्ली दुसऱ्या कोणाकडे ठेवून जायला भाऊ तयार नव्हते. इतक्या वर्षांत त्यांचा दीक्षाभूमीचा तो एकच दसरा चुकला. दिवाणजींनी जीप जाताना बघितली. त्या दिवसानंतर सशाची गोष्ट त्यांनी परत काढली नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. आसपासचं अंगण पुसून, तपासून होईपर्यंत भाऊंच्या हट्टानं मागचा भाग बंद, म्हणजे उकडलेलं धान वाळवायची जागा बंद, आणि धानाचा हंगाम तोंडावर. रोजीवरच्या बायका भाऊंवरच चिडल्या. "वाघाचं नाव सांगून आमची हाजरी बुडवली," असं त्यांच्या कानावर पडेल अशा बेतानं म्हणायच्या. मालकांचंही मन खर्चाला धजत नव्हतं. भाऊ रोज सकाळी त्यांच्यासमोर उभे राहायचे, नाही ऐकलं की संध्याकाळी पुन्हा उभे. एका बाजूनं तपासणी मागायची, दुसऱ्या बाजूनं या बायकांना पोती शिवायचं, गोदाम लावायचं काहीतरी काम द्या म्हणून हात जोडायचे. शेवटी मालकीणबाई ऑफिसात आल्या आणि सगळ्यांसमोर नवऱ्याला म्हणाल्या, "मागच्या साली पूजेहून घरी गेल्यावर आपल्या गाडीत पोराच्या पायाचे पांढरे ठसे होते. मी हातानं झटकले. आता तुमी तपासनार का मी माहेरून पैसे आनू?" प्रयोगशाळेचा माणूस त्याच आठवड्यात आला.

या वेळी अहवालात ते होतं.

पेढे नव्हते. भाऊंनी माझ्या टेबलासमोर बसून कागद वाचून घेतला. मग उठून टाकीपाशी गेले आणि स्वतःच सुमनबाईंना सांगितलं. मी तिथे होते. सुमनबाईंनी आपले दोन्ही तळहात उलटसुलट करून पाहिले.

"भाऊ, मंग मले काई होईन का?"

भाऊंनी आवाज खाली आणला. केवढ्या कष्टानं आणला ते दिसत होतं. "बाई, मी खोटं बोलन नाई. वर्षातून एकदाच होतं, तेबी थोडा वेळ. डॉक्टर म्हनतात, बहुतेक काई होत नाई. पन माहीत नाई. म्हनून दरसाली फोटो काढाचा छातीचा, मी घेऊन जाईन. आता त्यात काई दिसनार नाई, पन पहिला फोटो पाहिजेच, पुढच्याशी ताडून पाहाले."

"आन् तुमी म्हनता, माहीत नाई म्हंजे आहे."

एवढ्या वर्षांत ते वाक्य त्यांच्याकडे कोणी असं परत फेकलं नव्हतं. सुमनबाईंनाच मग त्यांची दया आली असावी. त्या म्हणाल्या, "बरं. मी येतो फोटोले. पन तुमी खर्रा सोडाचा. माह्यासाठी एवढं करा."

भाऊंनी खिशातली पुडी काढून टाकीशेजारच्या भट्टीत टाकली. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर चोरून खाताना ते पकडले गेले, तिसऱ्या दिवशीही, पण सुमनबाईंनी पिच्छा सोडला नाही. सगळ्या बायका मिळून त्यांच्या तोंडाचा वास घ्यायच्या. त्यांचा राग कधी ओसरला ते त्यांनाही कळलं नसेल. काही महिन्यांत भाऊ गालात लवंग धरून फिरायला लागले, आणि कमालीचे चिडचिडे झाले.

म्हाताऱ्याला उतरवायला नागपूरहून माणसं आली. नखशिखांत पांढरे पोशाख, शेडला चारी बाजूंनी प्लास्टिक, आवरण भिजवून भिजवून सोलायचं आणि जाड पिशव्यांत बंद करायचं. भाऊ लांब दोरीबाहेर उभे राहून दिवसभर बघत होते. एकदाच त्यांना राहवलं नाही आणि त्यांनी आत ओरडून सांगितलं, "अजून पानी मारा!" आतला माणूस प्लास्टिकमागून हात हलवून गेला.

माझं लग्न ठरलं आणि मी मिल सोडली. त्या शेवटच्याच आठवड्यात बायकांच्या छातीच्या फोटोची पाळी होती. नाव-नोंदणीचं काम करायला मी भाऊंबरोबर चंद्रपूरला गेले. दवाखान्याच्या बाकावर सुमनबाई, आणखी चौघी जणी आणि मालकीणबाई, भाऊंच्या आग्रहामुळे त्याही. भाऊ प्रत्येकीला दारापर्यंत सोडत होते, आलेल्या मोठ्या पाकिटांवर नावं बघून काखेत धरत होते. आवाज असा, की नर्सनं दोनदा येऊन दटावलं. डॉक्टरांनी फोटो बघितले, सगळ्यांचं ठीक आहे म्हणाले, पुढच्या वर्षी या म्हणाले. भाऊ सगळ्यांना चहा सांगू का म्हणाले.

सुमनबाई उठल्या नाहीत. "तुमचा फोटो?" त्यांनी विचारलं.

"माहा कायले? मी तं रांगोळी काढली नाई."

"तुमची माय कपडे झटके, तवा तुमी कुठी होते?"

ही गोष्ट आम्ही सगळ्यांनी त्यांच्याच तोंडून कितीदा ऐकली होती. वडील, आई, अंगण, ते पांढरे कपडे. आणि त्या अंगणात खेळणाऱ्या मुलाचा विचार आमच्यापैकी कोणाच्याही मनात आला नव्हता. त्यांच्या स्वतःच्या मनात आला असेल. आला असणारच. आणि म्हणूनच ते इतकी वर्षं दुसऱ्यांची काळजी करत स्वतः त्या दाराबाहेर थांबत आले असतील.

"इथीच होतो, मायजवळ," भाऊ शेवटी म्हणाले. परमुलूख, वर्षं, सगळं विसरून 'इथीच' म्हणाले. "उन्हात ते धूळ चमके. मी पकडाले धावो."

सुमनबाईंनी त्यांच्या काखेतली पाकिटं काढून घेतली, खांद्यावरचा दुपट्टा काढून घेतला. "जा," त्या म्हणाल्या. "आमी आहो इथी."

भाऊ आत गेले. दार लागलं, वरचा लाल दिवा पेटला. माझी गाडी सुटायची वेळ झाली होती, पण मला उठवेना. आतून त्या फोटो काढणाऱ्या मुलीचा आवाज आला, "काका, छाती पुढे. मोठा श्वास घ्या. आता रोखून धरा."

दुपट्ट्याचं टोक सुमनबाईंनी दोन्ही मुठींत घट्ट धरलं होतं. नंतर माझ्या लक्षात आलं, की आम्ही सगळ्यांनीच श्वास रोखून धरला होता, आणि आतून "सोडा" असं म्हणेपर्यंत कोणीच तो सोडला नाही.